केंटचा महिला क्रिकेट संघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१६ डिसेंबर १९९७ रोजी पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर एका इंग्लिश मुलीने आयर्लंडविरुद्ध नाबाद १७३ धावा केल्या. तिला अठरा वर्षं पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. नाव शार्लट एडवर्ड्स. पुढे तीन वर्षांच्या आत ती केंट या काउंटीकडून खेळायला लागली आणि तिच्या काळात केंट इंग्लंडमधला सगळ्यात यशस्वी महिला संघ झाला. पुण्या-मुंबईच्या क्रिकेटवेड्यांना केंट म्हटलं की पुरुषांचा संघच आठवतो, फार तर राहुल द्रविडचा तिथला एक हंगाम. महिला संघाची गोष्ट मराठीत फारशी कुणी सांगितलेली नाही. महिला क्रिकेटवर बोलणं निघालं की मला पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

काउंटी म्हणजे नक्की काय? आपल्या राज्य संघासारखंच का?

बरंचसं तसंच. काउंटी हा इंग्लंडमधला जुना प्रशासकीय विभाग. आपल्या जिल्ह्यापेक्षा मोठा, राज्यापेक्षा बराच लहान. क्रिकेटच्या काउंटीच्या सीमा मात्र आजच्या सरकारी नकाशाशी जुळतीलच असं नाही. आपल्याकडे एकाच महाराष्ट्रातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ खेळतात, कारण क्रिकेटच्या संघटना राज्याच्या आजच्या सीमांपेक्षा जुन्या आहेत. तिथेही तोच प्रकार. बेकनहॅम हे गाव १९६५ पासून सरकारी हिशेबात लंडनमध्ये मोडतं, पण क्रिकेटच्या हिशेबात ते केंटचंच आहे आणि तिथलं मैदान केंटच्या दोन मुख्य मैदानांपैकी एक आहे.

केंट म्हणजे इंग्लंडचा आग्नेय कोपरा. डोव्हरचे पांढरे कडे, कँटरबरीचं कॅथीड्रल, सफरचंदाच्या बागा. क्रिकेट या खेळाचं मूळ जिथे शोधतात तो केंट, ससेक्स आणि सरे यांचाच टापू.

इतक्या काउंट्या असताना केंटच का?

महिला काउंटी चॅम्पियनशिप १९९७ ते २०१९ अशी चालली. त्यात सगळ्यात जास्त, म्हणजे आठ वेळा, केंट जिंकलं. आणि इतकं जिंकूनही महिला क्रिकेटमध्ये पैसा आला तेव्हा प्रत्येक वेळी केंट बाहेर राहिलं किंवा अर्धंच आत गेलं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की इंग्लंडमधलं महिला क्रिकेट कसं उभं राहिलं आणि कुणाच्या जिवावर उभं राहिलं, हे लख्ख दिसतं. माझ्या दृष्टीने ही गोष्ट सांगायचं कारण तेवढंच आहे.

इंग्लंडमध्ये बायका क्रिकेट कधीपासून खेळतात?

लिखित नोंद आहे ती २६ जुलै १७४५ ची. सरे काउंटीत गिल्डफर्डजवळच्या गॉस्डेन कॉमन या माळावर ब्रॅमली आणि हॅम्बल्डन या दोन गावांच्या मुलींचा सामना झाला. सगळ्या पांढऱ्या कपड्यांत. एका संघाच्या डोक्याला निळ्या फिती, दुसऱ्याच्या लाल. त्या काळी काठीवर खाचा पाडून धावा मोजत. हॅम्बल्डनच्या १२७ खाचा झाल्या, ब्रॅमलीच्या ११९. इकडे पेशवाईत नानासाहेबांचा अंमल होता, यावरून काळाचा अंदाज यावा.

काउंटीच्या नावाने बायकांचा पहिला सामना झाला तो ऑक्टोबर १८११ मध्ये, हॅम्पशायर आणि सरे यांच्यात, लंडनजवळ बॉल्स पाँड इथे. दोन उमरावांनी पाचशे गिनींची पैज लावली होती आणि आपापल्या बाजूने बायकांचे संघ उतरवले होते. हॅम्पशायर जिंकलं. पैज पुरुषांची, खेळ बायकांचा. ही विभागणी नंतरही बराच काळ बदलली नाही.

ओव्हरआर्म गोलंदाजीचा शोध केंटमधल्या एका बाईने लावला, हे खरं आहे का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

कथा अशी. क्रिस्टिना विल्स ही केंटमधली. तिचा भाऊ जॉन विल्स क्रिकेटपटू. ती त्याला सरावासाठी चेंडू टाकायची. तेव्हा गोलंदाजी खालून, अंडरआर्म होत असे. पण तिच्या घेरदार झग्यात हात अडकायचा, म्हणून ती हात बाजूला काढून खांद्याच्या उंचीवरून चेंडू टाकू लागली. भावाच्या लक्षात आलं की असा चेंडू खेळायला अवघड जातो, आणि त्याने ती पद्धत उचलली.

यातला जॉन विल्सचा भाग नोंदलेला आहे. १५ जुलै १८२२ रोजी लॉर्ड्सवर केंट विरुद्ध एमसीसी (मेरिलबोन क्रिकेट क्लब) या सामन्यात त्याने असा चेंडू टाकला, पंचांनी नोबॉल दिला. चिडून त्याने चेंडू टाकून दिला आणि घोड्यावर बसून मैदानातून निघून गेला, असं सांगतात. त्याची कबर केंटमधल्या सटन व्हॅलन्स गावात आहे आणि तिच्यावरच्या मजकुरात राउंडआर्म, म्हणजे हात बाजूला काढून केलेली, गोलंदाजी आणल्याचं श्रेय त्याला दिलेलं आहे. खांद्याच्या उंचीपर्यंत हात नेणं १८३५ मध्ये नियमात बसलं आणि खांद्याच्या वरून चेंडू टाकायला १८६४ मध्ये परवानगी मिळाली.

बहिणीचा भाग मात्र डळमळीत आहे. ज्या वर्षांतली ही गोष्ट सांगतात, त्या वर्षांत इंग्लंडमध्ये घेरदार झग्यांची फॅशनच नव्हती. तेव्हाचे झगे सरळ खाली उतरणारे असत. शिवाय हात उंचावून चेंडू टाकण्याचे प्रयोग विल्सच्या आधीही झाले होते. त्यामुळे झग्यामुळे शोध लागला, हे मी मानत नाही. पण त्या घरात बहीण भावाला चेंडू टाकत होती, एवढं मानायला काहीच हरकत नाही. आणि गोष्टीला झग्याचा आधार का द्यावा लागला, याचा विचार करावासा वाटतो. एका बाईला गोलंदाजीतली नवी गोष्ट डोकं वापरून सुचली असेल, हे सांगणाऱ्यांना पटण्यासारखं नव्हतं. म्हणून ते श्रेय कपड्यांना गेलं.

मग काउंटीचे महिला संघ रीतसर कधी उभे राहिले?

१९२६ मध्ये विमेन्स क्रिकेट असोसिएशन स्थापन झाली. तिच्या छत्राखाली काउंट्यांच्या महिला संघटना उभ्या राहिल्या, त्यांतली एक केंटची. या संघटना पुरुषांच्या काउंटी क्लबांपासून पूर्णपणे वेगळ्या होत्या. मैदान मिळवणं, प्रवास, सरावाचं साहित्य, दुपारच्या चहाबरोबरचं खाणं, सगळं खेळाडू आणि त्यांच्या माजी खेळाडू मैत्रिणी बघत. इंग्लंडच्या महिलांनी पहिली कसोटी डिसेंबर १९३४ मध्ये ब्रिस्बेनला खेळली ती याच रचनेच्या बळावर.

१९७३ मध्ये इंग्लंडमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला, पुरुषांच्या पहिल्या विश्वचषकाच्या दोन वर्षं आधी. जॅक हेवर्ड या उद्योगपतीने ४०,००० पौंड दिले म्हणून तो होऊ शकला. त्यात इंग्लंडचा तरुण मुलींचा ‘यंग इंग्लंड’ असा वेगळा संघही खेळला आणि त्याची कर्णधार होती केंटची सुसान गोटमन. १९८२ च्या विश्वचषकात तिने इंग्लंडचं नेतृत्व केलं.

(त्याच १९७३ च्या एप्रिलमध्ये पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश, एवढे तीनच संघ. भारतातही महिलांची संघटना पुरुषांच्या मंडळापासून वेगळी होती. ती बीसीसीआयमध्ये विलीन झाली २००६ मध्ये. इंग्लंडमध्ये हेच १९९८ मध्ये झालं. दोन देशांतल्या वाटा किती सारख्या होत्या बघा.)

१९८० ते १९९६ या काळात देशांतर्गत मुख्य स्पर्धा होती एरिया चॅम्पियनशिप. तिच्यात केंट, सरे, यॉर्कशायर अशा काउंट्यांबरोबर ईस्ट अँग्लियासारखे अनेक काउंट्या एकत्र करून बनवलेले विभागीय संघही असत. सगळीकडे अकरा मुली जमतीलच अशी परिस्थिती नव्हती, म्हणून ही सोय.

काउंटी चॅम्पियनशिप कशी खेळली जायची?

पन्नास षटकांचे सामने, संघांचे वेगवेगळे गट, वरच्या गटातून खाली आणि खालच्या गटातून वर अशी बढती-घसरण. सुरुवातीच्या वर्षांत सगळी स्पर्धा एकाच आठवड्यात उरकत. केंब्रिजमध्ये कॉलेजांच्या मैदानांवर सगळे संघ जमत. खेळाडू नोकरीतून रजा काढून येत आणि रोज एक सामना खेळत. पुढे सामने उन्हाळाभर शनिवार-रविवारी विखुरले गेले.

२००९ पासून टी-ट्वेंटीची वेगळी स्पर्धाही सुरू झाली.

केंटने कोणकोणत्या वर्षी जेतेपद मिळवलं?

काउंटी चॅम्पियनशिप: २००६, २००७, २००९, २०११, २०१२, २०१४, २०१६ आणि २०१९. टी-ट्वेंटी चषक: २०११, २०१३ आणि २०१६. म्हणजे २०११ आणि २०१६ या दोन वर्षी दोन्ही चषक एकाच घरात.

केंट आणि ससेक्सच्या वैराबद्दल ऐकलंय. एवढं काय होतं त्यात?

सुरुवातीची वर्षं यॉर्कशायरची होती. मग २००३ मध्ये ससेक्सने चषक नेला आणि तिथून पुढची बारा वर्षं, २०१४ पर्यंत, तो केंट किंवा ससेक्स या दोघांखेरीज कुणाच्याच हाती लागला नाही. हिशेब काय झाला? सहा ससेक्सचे, सहा केंटचे. शेजारशेजारच्या दोन काउंट्या आणि बारा वर्षांत अगदी बरोबरी.

ससेक्सकडे क्लेअर कॉनर होती, जिच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने २००५ मध्ये ४२ वर्षांनी ऑस्ट्रेलियाविरुद्धची अ‍ॅशेस परत मिळवली. ती ब्रायटन कॉलेज या शाळेत शिकवायची आणि त्याच शाळेतून सारा टेलर आणि हॉली कोल्विन या दोघी ससेक्सला मिळाल्या. केंटकडे एडवर्ड्स आणि लिडिया ग्रीनवे. केंट-ससेक्स सामना म्हणजे जवळपास इंग्लंडच्या संघाची आपसात विभागणी. प्रेक्षक किती? मैदानाच्या कडेला घड्या घातलेल्या खुर्च्या उघडून बसलेले आई-वडील, भावंडं आणि एखादा कुत्रा. इतक्या उच्च दर्जाचं क्रिकेट इतक्या थोड्या लोकांसमोर खेळलं गेलं, याची मला आजही हळहळ वाटते.

२०१५ मध्ये यॉर्कशायरने ही मालिका मोडली. नंतर २०१७ मध्ये लँकशायर आणि २०१८ मध्ये हॅम्पशायर जिंकलं. शेवटची स्पर्धा, २०१९ ची, पुन्हा केंटची.

शार्लट एडवर्ड्स मूळची केंटची का?

नाही. तिचा जन्म हंटिंग्डनचा, १७ डिसेंबर १९७९ चा. ती आधी ईस्ट अँग्लियाकडून खेळायची. १९९६ मध्ये सोळाव्या वर्षी इंग्लंडकडून कसोटी खेळली. तेव्हा महिला क्रिकेटपटू स्कर्ट घालून खेळत आणि देशाच्या संघाचा ब्लेझरसुद्धा स्वतःच्या पैशांनी घेत.

पुण्यातल्या १७३ धावांचा उल्लेख सुरुवातीला केला. त्या दिवसाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच दिवशी मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर, ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या. एकदिवसीय क्रिकेटमधलं ते पहिलं द्विशतक. पुरुषांमध्ये तिथवर पोचायला सचिन तेंडुलकरला २०१० उजाडलं. एकाच दिवशी महाराष्ट्रातल्या दोन शहरांत हे दोन डाव खेळले गेले. वांद्रे किंवा स्वारगेट परिसरातून रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

२००० मध्ये एडवर्ड्स केंटला आली. योगायोग असा की त्याच हंगामात राहुल द्रविड केंटच्या पुरुष संघाकडून खेळत होता. द्रविड एक हंगाम खेळून परतला. एडवर्ड्स दीड दशक राहिली. काउंटीची कर्णधार, सलामीची फलंदाज, गरज पडली तर लेगस्पिन टाकणारी, आणि त्याहून मोठं म्हणजे मुली घडवणारी. २००९ मध्ये तिच्या नेतृत्वाखाली इंग्लंडने एकाच वर्षात एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी असे दोन्ही विश्वचषक जिंकले. २०१४ मध्ये ‘विस्डेन’ या इंग्लिश क्रिकेट वार्षिकाने तिला वर्षातल्या पाच क्रिकेटपटूंमध्ये निवडलं. १९१ एकदिवसीय सामन्यांत तिच्या ५,९९२ धावा झाल्या; हा विक्रम जुलै २०१७ मध्ये ब्रिस्टलला मिताली राजने मागे टाकला.

मुंबई इंडियन्सची प्रशिक्षक ती हीच का?

हीच. २०२३ मध्ये विमेन्स प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई इंडियन्सच्या महिला संघाची मुख्य प्रशिक्षक एडवर्ड्स होती. त्या वर्षीची अंतिम लढत मुंबईत ब्रेबॉर्नवर झाली आणि हरमनप्रीत कौरच्या संघाने पहिलं जेतेपद मिळवलं. २०२५ मध्ये त्याच मैदानावर दुसरं. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये ती इंग्लंडच्या महिला संघाची मुख्य प्रशिक्षक झाली. ब्रेबॉर्नवर जल्लोष करणाऱ्या मुंबईकरांना डगआउटमधली ही बाई पुण्यात, सतराव्या वर्षी, काय करून गेली होती हे माहीत असतं तर जल्लोष आणखी वाढला असता.

एडवर्ड्सखेरीज केंटने कोणाला घडवलं?

लिडिया ग्रीनवेपासून सुरुवात करतो, कारण तिचं नाव लवकर विसरलं जातं. डावखुरी फलंदाज आणि तिच्या काळातली जगातल्या उत्तम क्षेत्ररक्षकांपैकी एक. सीमारेषेवर पळत जाऊन झेल घेणं ही महिला क्रिकेटमध्ये रोजची गोष्ट होण्याच्या आधीपासून ती ते करत होती. २०१३ च्या अ‍ॅशेस मालिकेत साउदॅम्प्टनच्या टी-ट्वेंटी सामन्यात इंग्लंडची सुरुवात कोसळल्यावर तिने नाबाद ८० धावा काढल्या आणि त्याच सामन्यात अ‍ॅशेस इंग्लंडची झाली.

टॅमी ब्युमॉन्टचा जन्म डोव्हरचा. सँडविच या गावच्या क्लबात वडील आणि भावाच्या मागे मागे जात ती खेळायला शिकली. चणीने छोटी, म्हणून मोठे फटके मारू शकणार नाही असं गृहीत धरलं गेलं. २०१७ च्या विश्वचषकात ४१० धावा करून ती मालिकावीर ठरली. जून २०२३ मध्ये ट्रेंट ब्रिजला ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिने २०८ धावा केल्या. कसोटीत द्विशतक करणारी ती इंग्लंडची पहिली महिला. तिच्या आधीचा इंग्लंडचा विक्रम बेटी स्नोबॉलच्या १८९ धावांचा होता आणि तो १९३५ पासून उभा होता.

लॉरा मार्शचा जन्म केंटमधल्या पेंबरीचा. ती आधी ससेक्सकडून खेळली, मग केंटकडे आली. मध्यमगती सोडून ऑफस्पिन टाकायला लागली आणि इंग्लंडची भरवशाची गोलंदाज झाली. २३ जुलै २०१७ चा लॉर्ड्सवरचा अंतिम सामना मराठी घरांमध्ये अजून ठसठसतो. पूनम राऊत ८६ वर खेळत होती, धावफलक ३ बाद १९१, आणि मग सगळे बाद २१९. नऊ धावांनी सामना गेला. त्या दिवशी इंग्लंडच्या अकरा जणींमध्ये ब्युमॉन्ट आणि मार्श या केंटच्या दोघी होत्या.

अ‍ॅलिस डेव्हिडसन-रिचर्ड्स टनब्रिज वेल्सची. २०२२ मध्ये टाँटनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पदार्पणाच्या कसोटीत तिने १०७ धावा केल्या. डावखुरी वेगवान गोलंदाज टॅश फॅरंटही याच संघातून इंग्लंडपर्यंत पोचली.

खेळाडूंना काउंटीकडून पैसे मिळायचे का?

चॅम्पियनशिपच्या जवळपास सगळ्या काळात काउंटी क्रिकेट हौशीच होतं. कुणी शिक्षिका, कुणी विद्यार्थिनी, कुणी दुकानात कामाला. २००८ मध्ये इंग्लंडच्या काही खेळाडूंना शाळांमध्ये क्रिकेट शिकवण्याच्या कामाचे करार मिळाले, म्हणजे निदान पोटापाण्याचं काम आणि खेळ एकाच दिशेला आले. देशाच्या संघातल्या १८ जणींना पूर्णवेळ व्यावसायिक करार मिळाले ते २०१४ मध्ये. काउंटीतल्या बाकीच्या मुलींना त्यानंतरही काही नाही. केंटचे आठ चषक असे आले आहेत.

२०१६ मध्ये केंटने दोन्ही चषक जिंकले, मग किया सुपर लीगमध्ये केंट का नव्हतं?

इथे माझं मत मी लपवणार नाही.

२०१६ मध्ये इंग्लंडच्या मंडळाने महिलांची नवी टी-ट्वेंटी लीग सुरू केली. सहा संघ: सरे स्टार्स, सदर्न व्हायपर्स, वेस्टर्न स्टॉर्म, लफबरो लाइटनिंग, यॉर्कशायर डायमंड्स आणि लँकशायर थंडर. यजमानपद काउंट्यांना, काउंट्यांच्या गटांना आणि विद्यापीठांना अर्ज मागवून दिलं गेलं. केंटला संघ मिळाला नाही. मग केंटच्या मुलींनी काय करायचं? पांगायचं. एडवर्ड्स, ग्रीनवे आणि फॅरंट सदर्न व्हायपर्सकडे गेल्या, ब्युमॉन्ट आणि मार्श सरे स्टार्सकडे. व्हायपर्सने पहिलीच लीग जिंकली आणि कर्णधार होती एडवर्ड्स. त्याच उन्हाळ्यात केंट चॅम्पियनशिपही जिंकलं आणि टी-ट्वेंटी चषकही.

अर्ज तपासणाऱ्यांनी मैदानांच्या सोयी, विपणन, भांडवल हे सगळं पाहिलं असणार आणि ते पाहायलाच हवं. पण जिथे मुली खरोखर घडत होत्या ती जागा मोजमापात इतकी हलकी ठरावी, हे चूक होतं असं मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

आपल्याकडच्या प्रेक्षकांना ही लीग आठवते ती वेगळ्या कारणाने. सांगलीची स्मृती मानधना २०१८ मध्ये वेस्टर्न स्टॉर्मकडून खेळली, आणि २०१९ मध्ये मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने यॉर्कशायर डायमंड्ससाठी ५८ चेंडूंत नाबाद ११२ धावा करून शेवटच्या चेंडूवर सामना जिंकून दिला. समोर होते सदर्न व्हायपर्स.

२०२० मध्ये काय बदललं?

काउंटी चॅम्पियनशिप बंद झाली. तिच्या जागी आठ विभागीय संघ आले आणि पहिल्यांदाच देशाच्या संघाबाहेरच्या खेळाडूंना पगार मिळू लागला. केंट आणि सरे मिळून साउथ ईस्ट स्टार्स हा संघ झाला. बेकनहॅमला त्याचे सामने होत. २०२१ मध्ये या संघाने नव्या टी-ट्वेंटी स्पर्धेचं पहिलं जेतेपद मिळवलं. त्या स्पर्धेचं नाव होतं शार्लट एडवर्ड्स कप. म्हणजे केंटच्या कर्णधाराच्या नावाचा चषक केंटच्या अर्ध्या संघाने जिंकला.

केंटचं स्वतःचं नाव लावणारा संघ मात्र या काळात दुय्यम झाला. तो खेळत राहिला, पण टी-ट्वेंटीच्या आणि शेजारच्या काउंट्यांबरोबरच्या छोट्या स्पर्धा.

आता, म्हणजे २०२५ पासून, केंट कुठे आहे?

दुसऱ्या श्रेणीत. विभागीय संघ मोडून मंडळाने पुन्हा काउंट्यांकडे जायचं ठरवलं. केंटनेही पहिल्या श्रेणीसाठी अर्ज केला होता. एप्रिल २०२४ मध्ये आठ नावं जाहीर झाली: डरहॅम, एसेक्स, हॅम्पशायर, लँकशायर, नॉटिंगहॅमशायर, समरसेट, सरे आणि वॉरिकशायर. या प्रत्येकाला मंडळाकडून वर्षाला किमान १३ लाख पौंड. यॉर्कशायरला २०२६ पासून आणि ग्लॅमॉर्गनला २०२७ पासून वर घ्यायचंही तेव्हाच ठरलं. केंट नाही. ससेक्सही नाही. बारा वर्षं चषक आपसात वाटून घेणाऱ्या दोन्ही काउंट्या खालच्या श्रेणीत!

साउथ ईस्ट स्टार्सची जागा सरेने घेतली, त्यामुळे डेव्हिडसन-रिचर्ड्ससारख्या केंटमध्ये वाढलेल्या खेळाडू आता सरेच्या आहेत. ब्युमॉन्ट नॉटिंगहॅमशायरच्या ‘द ब्लेझ’कडून खेळते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला केंटमध्ये राहून क्रिकेटचा पूर्ण पगार मिळवायचा असेल तर आज तो मिळत नाही. तिला काउंटी सोडावी लागते.

नव्या रचनेने व्यावसायिक खेळाडूंची संख्या वाढली, सोयी वाढल्या, हे मला मान्य आहे. मुलींना काम सांभाळून खेळावं लागत नाही ही फार मोठी गोष्ट आहे. तक्रार एवढीच, की पाया घालणाऱ्यांना घरात खोली मिळाली नाही.

केंटचे जुने चषक आता मोजले जातात का?

जातात. महिला काउंटी चॅम्पियनशिप ही बंद झालेली, पण अधिकृत स्पर्धा आहे. तिच्यातली सर्वाधिक जेतेपदं केंटच्या नावावर कायम आहेत. स्पर्धाच संपल्याने ती आता कुणी मागे टाकूही शकत नाही.

केंटच्या महिला संघाची मैदानं कोणती?

बेकनहॅमचं वर आलंच. दुसरं, आणि जास्त प्रसिद्ध, कँटरबरीचं सेंट लॉरेन्स ग्राउंड. या मैदानात सीमारेषेच्या आत लिंडनचं एक प्रचंड झाड उभं होतं, इंग्लिश लोक त्याला लाइम ट्री म्हणत. चेंडू त्याला लागला की चार धावा, मग तो हवेतून गेलेला असो की टप्पा पडून. जानेवारी २००५ मध्ये वाऱ्याने ते झाड पडलं आणि मग त्याची जागा एका नव्या रोपाने घेतली. महिला संघाचे बरेचसे सामने मात्र वर्षानुवर्षं क्लबांच्या साध्या मैदानांवरच होत आले.

जुलै २०१९ मध्ये याच कँटरबरीला अ‍ॅशेसच्या एकदिवसीय सामन्यात एलिस पेरीने २२ धावांत ७ बळी घेतले आणि इंग्लंड ७५ धावांत गडगडलं. ब्युमॉन्टच्या घरच्या प्रेक्षकांसाठी वाईट दिवस.

भारतीय महिला संघ केंटमध्ये खेळला आहे का?

हो, आणि फार सुंदर खेळला आहे. २१ सप्टेंबर २०२२, सेंट लॉरेन्स ग्राउंड, मालिकेतला दुसरा एकदिवसीय सामना. हरमनप्रीत कौर १११ चेंडूंत नाबाद १४३. शेवटच्या षटकांत तिने गोलंदाजी अक्षरशः फोडून काढली. भारत ५ बाद ३३३. मग रेणुका सिंगने चार बळी घेतले, भारत ८८ धावांनी जिंकला आणि १९९९ नंतर पहिल्यांदा इंग्लंडमध्ये एकदिवसीय मालिका आपली झाली. सलामीला सांगलीची स्मृती होती, समोर इंग्लंडकडून सलामीला सँडविचची टॅमी. सँडविच ते कँटरबरी अंतर वीसेक किलोमीटर असेल. सांगलीहून मिरज ओलांडून थोडं पुढे जावं तेवढंच.